खांड्याशी लागलेलं लग्न

अंतरपाट खाली आला आणि समोर तलवार होती.

चौरंगावर लाल मखमल होती. तिच्यावर माळगिरी संस्थानचे कारभारी ती तलवार दोन्ही हातांनी उभी धरून होते. मुठीला जरीचा शेला गुंडाळलेला, वर मुंडावळ्या बांधलेल्या. कारभाऱ्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण हात मोकळा नव्हता म्हणून पुसता येईना. भटजींनी मला खुणावलं. मी हार तलवारीच्या मुठीला अडकवला. तो एका बाजूला घसरला. मांडवात कुणीतरी फिसकन हसलं, आणि घाईघाईनं ताशे वाजू लागले.

मला सांगितलं होतं की ही मोठ्या घरची रीत आहे. गादीवरचा राजा लहान जहागीरदाराच्या दारी बाशिंग बांधून येत नसतो. तो आपला खांडा पाठवतो, आणि मुलगी खांड्याशी लग्न लावून सासरी जाते. आमची कुरुंदीची जहागीर म्हणजे डोंगराच्या कुशीतली पाच-सात गावं. माळगिरीच्या राजाचं स्थळ आमच्याकडं चालून यावं, हेच लोकांना खरं वाटत नव्हतं. बोलणी झाली आणि आठवडाभरात लग्न उभं राहिलं. माझे वडील, आबासाहेब, यांची पावलं त्या आठवड्यात जमिनीला लागत नव्हती.

हळदीच्या आदल्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं, "नवरदेवाला पाय नाहीत का?"

"जिभेला काही हाड, तुळजा? अगं, माळगिरीची राणी होणार तू! दरबारात मला बैठक मिळणार. तुझ्या आजोबांनी जन्मभर उंबरे झिजवले, त्यांना मिळाली नाही."

"म्हणजे लग्न खरं आपलं आहे, आबासाहेब. मी नुसती उभी राहायची."

त्यांनी हात उचलला. मारला नाही. दुसऱ्या दिवशी हळद होती, गालावरचे वळ दिसले असते.

आई मी लहान असतानाच गेली. आबासाहेबांनी मला मुलासारखी वाढवली, घोडा शिकवला, पट्टा शिकवला, आणि ऐन वेळी मुलीसारखी देऊन टाकली. मी एकोणीस वर्षांची होते. या गोष्टीला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली, पण तो घसरलेला हार आठवला की अजून माझ्या कानशिलात कळ येते.

माळगिरीच्या राजवाड्यात माझं स्वागत सासूबाईंनी केलं. त्यांना सगळे मासाहेब म्हणत. नवरा गेल्यापासून संस्थान त्यांच्याच शब्दावर चालत होतं. त्यांनी मला नीट न्याहाळलं, पण बोलल्या त्या कारभाऱ्यांशी. "प्रकृतीनं धडधाकट आहे ना?"

घोडी विकत घेताना आबासाहेब असंच विचारायचे.

त्याच दिवशी माझं नाव बदलून रोहिणीराजे ठेवलं. ओटी भरताना रखमा नावाची एक म्हातारी दासी माझ्या हातातल्या हिरव्या चुड्याकडं बघून हुंदके द्यायला लागली, तेव्हा तिला दंडाला धरून बाहेर नेलं. सरकार कुठं आहेत, असं मी विचारलं. "डोंगरावरच्या बंगल्यात. हवापालटाला," मासाहेब म्हणाल्या, आणि दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारली.

माणूस हवा खायला जातो आणि बायको आणायला तलवार पाठवतो! मी दात-ओठ खात दिवस काढले. राजवाड्यातल्या बायका माझ्याशी फार हळू बोलायच्या. आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसं. मला त्याचीही चीड यायची.

गणपती गेल्यावर ते आले. माझे यजमान, उदाजीराव. मी जाळीतून बघत होते. मोटारीतून उतरायला त्यांना दोघांनी हात दिला. डोक्यावर टोपी होती ती कानांपर्यंत उतरलेली, अंगरखा खांद्यांवरून लोंबत होता, हातात काठी. वय सव्वीस. मला वाटलं, राजेपणाचा नखरा असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या महालाच्या दाराशी येऊन थांबले.

"आत येऊ का?"

"राजवाडा आपला. मीही आपलीच म्हणे. विचारता कशाला?"

ते आत आले आणि दाराजवळच्या बाकावर बसले. थोडा वेळ त्यांना नुसता श्वास घ्यायला लागला. मग म्हणाले, "माझ्यावर रागावला आहात."

"छे. आपली माझी ओळखच कुठं आहे? माझं लग्न आपल्या तलवारीशी लागलं. ती बरी आहे ना? शस्त्रागारात थंडी तर वाजत नाही तिला?"

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडावं म्हणूनच मी बोलले होते. त्यांचे कान लालबुंद झाले. पण आवाज चढला नाही.

"आपलं नाव काय?"

"रोहिणीराजे."

"ते इथं ठेवलेलं. त्याआधीचं?"

"तुळजा."

"तुळजा," त्यांनी एकदा म्हणून पाहिलं. मग काठी टेकत उठले. "उद्या या वेळी पुन्हा आलो तर चालेल?"

"कशाला?"

"उरलेलं ऐकायला. आज दमलो, नाहीतर बसलो असतो."

आणि ते खरंच आले. रोज यायला लागले. मी सकाळपासून बोलणं साठवून ठेवायची आणि दुपारी त्यांच्यापुढं ओतायची. तुमची ती रीत, तुमचं ते नाव बदलणं, तुमच्या घरी बाई माजघरातून देवघरात आणि देवघरातून माजघरात, जन्म गेला. ते ऐकायचे. कधी म्हणायचे, "हे खरं आहे." कधी म्हणायचे, "हे मात्र तुम्ही रागाच्या भरात बोलता," आणि मग आमचं जुंपायचं. आजवर मी रागावले की लोक मला गप्प करायचे, नाहीतर निघून जायचे. हा माणूस बाकावर बसून राहायचा.

एकदा मी म्हटलं, "आठ दिवस घोड्यावर बसले नाही तर माझं अंग आंबतं, आणि इथं बायकांना बंदी!"

"कुणी केली?"

"रीत आहे म्हणे."

"मग मोडा," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मागच्या जनानी बागेत एक तांबडी घोडी आणून उभी केली. मासाहेबांनी निरोपावर निरोप पाठवले. ते प्रत्येक निरोपाला "कळलं" म्हणायचे आणि कठड्यावर बसून माझा फेर बघत राहायचे.

एक दिवस त्यांना स्वतःला बसायची हुक्की आली. रिकिबीत पाय ठेवला, अंग उचललं, आणि तोल जाऊन गवतात आपटले. मी खो खो हसले.

"हसायला काय झालं? माणूस पडलाय!"

"राजा पडलाय. माणूस पडला असता तर उचलला असता."

"मग माणूस समजून उचला."

मी नाही उचललं. ते रागानं एकटेच धडपडत उठले, गुडघा चोळत निघून गेले. दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आधीच माझं लक्ष दाराकडं लागलं, आणि लागलं म्हणून मी स्वतःवरच चिडले. ते आले. नेहमीसारखे दाराजवळच्या बाकावरच बसले. त्याच्या अलीकडं ते कधी आले नाहीत. माझ्या बोटाला बोट लागू दिलं नाही. लहान घरची म्हणून असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं, आणि ते मला अपेक्षेपेक्षा जास्त लागलं.

मार्गशीर्षात आबासाहेब आले.

पंगत झाली. जेवणानंतर मासाहेबांच्या दिवाणखान्यात बैठक बसली. मासाहेब गादीवर, उदाजीराव त्यांच्या शेजारी लोडाला टेकून, आबासाहेब समोर. मी बाजूला विडे लावत होते. सुपारीवरून, पाऊसपाण्यावरून बोलणं झालं. मग आबासाहेबांनी घसा खाकरला.

"मासाहेब, दसऱ्याचा दरबार झाला. आम्हाला बोलावणं आलं नाही. बैठकीचा शब्द..."

"कसली बैठक?"

"सोयरीक ठरताना आपण कबूल केलं होतं."

"सोयरीक कशासाठी ठरली होती?" मासाहेबांनी पानाची शीर काढत विचारलं. "त्यातलं काही घडलं का? देवीची कृपा, उदाजी बरे झाले. मग आता बैठक कशाबद्दल मागता?"

"मासाहेब, पुरे," उदाजीराव म्हणाले.

पण आबासाहेब दुखावले होते. ते पुढं सरसावले. "ते काय आमच्या हातात होतं? आम्ही आमचा शब्द पाळला. वैद्य-डॉक्टरांनी हात टेकले होते. आज का उद्या, अशी अवस्था असताना, सगळं जाणून आम्ही पोटची पोर दिली. पंधरा दिवसांत ती पांढऱ्या कपाळानं आपण म्हणाल तो मुलगा मांडीवर घेणार, हे मान्य करून दिली. दुसरं कुणी दिली असती का?"

माझ्या हातातलं पान खाली पडलं.

मग एकेक गोष्ट माझ्यापुढं स्वच्छ उभी राहिली. हवापालट कसला, लग्नाच्या वेळी उदाजीराव विषमज्वरानं अंथरुणाला खिळले होते. ते अविवाहित गेले असते तर गादी चुलत घराण्याकडं जाणार होती, आणि त्या घराण्याशी मासाहेबांचं हाडवैर. मागं बायको राहिली असती तर तिला दत्तक घेता आला असता. म्हणून ती घाई. म्हणून खांडा, कारण नवरदेवाला उभंच राहता येत नव्हतं. मासाहेबांना सून नकोच होती. त्यांना विधवा हवी होती, धडधाकट, आणि लवकर.

मी उठून उभी राहिले. "आबासाहेब, आपल्याला ठाऊक होतं?"

"तुळजा, मोठ्यांच्या बोलण्यात..."

"हो की नाही?"

त्यांनी फेटा सारखा केला. "अगं, राणीच राहिली असतीस. राणी विधवा झाली तरी तिचा मान कुठं जातो?"

"माझ्या अंगाला हळद लागत होती तेव्हा आपल्याला ठाऊक होतं! मी विचारलं होतं आपल्याला. तोंडानं विचारलं होतं!"

"खाली बस, रोहिणी," मासाहेब म्हणाल्या. "झालं ते चांगलंच झालं ना? नवरा जिवंत आहे तुझा."

"तो माझ्या नशिबानं. तुम्ही तर त्याला मेलेला धरून चालला होता. पोटच्या मुलाला!"

मासाहेबांच्या हातातली पानाची शीर तुटली. मी उदाजीरावांकडं वळले. ते उभे होते.

"आणि आपण?"

"शुद्धीवर आलो त्या आठवड्यातच कळलं."

"आणि रोज येऊन बाकावर बसत होता! रोज माझं बोलणं खात होता! कशाला? पाप फिटतं म्हणून?"

"सांगायला येत होतो. दारापर्यंत येईतो रोज ठरवलेलं असायचं."

"मग?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गेला असता."

मला ते तेव्हा ऐकू आलं, पण आत पोचलं नाही. "आता कळलंय. आता जाते. घोडी काढायला सांगा."

"हिला वेड लागलंय," मासाहेब कडाडल्या. "दारं लावून घ्या!"

"कुणीही दार लावणार नाही."

उदाजीरावांचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. दिवाणखान्याच्या टोकाला उभे असलेले हुजरेसुद्धा दचकले. "मासाहेब, माझ्या मरणाचा व्यवहार केलात. मला विचारलं नाहीत, ते ठीक, मी बेशुद्ध होतो. ही शुद्धीवर होती. हिला कुणी विचारलं? आता हिच्यापुढं कुणी दार ओढलं, तर ज्या चुलतभावाला टाळायला हे सगळं केलंत, त्याला मी जिवंतपणी गादीवर बसवीन. देवीची शपथ घेऊन सांगतो."

मासाहेबांनी हातातलं पान तबकात टाकलं. पुढं त्या बरीच वर्षं जगल्या, पण त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी हुकूम केला नाही, आणि मी त्यांच्याशी कामापलीकडं कधी बोलले नाही.

"आबासाहेब," उदाजीराव म्हणाले, "आपलं जेवण झालं आहे. आपण निघावं."

आबासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी पाहिलं नाही. त्यानंतर मी त्यांना बघितलं ते एकदम तिरडीवर.

घोडी आणायला उदाजीराव स्वतः पागेत गेले. काठी न घेता गेले. तांबडीवर खोगीर चढवून, लगाम हातात धरून तिला त्यांनी चौकातून मोठ्या देवडीसमोर आणलं. माळगिरीची राणी त्या देवडीतून कधी बाहेर पडलेली नव्हती. बायकांचं दार मागं होतं, तेही पडदे लावलेल्या मेण्यातून. चौकातले लोक मान खाली घालावी की वर करावी, या विचारात तसेच थिजले. मी पदर कमरेला खोचला आणि वर चढले.

"कुठं जाणार?" त्यांनी विचारलं.

"कुरुंदीला नाही, एवढं नक्की."

"मग?"

"ठाऊक नाही. माझ्यामागं स्वार पाठवले तर दगडानं डोकी फोडीन."

"कुणालाही पाठवणार नाही. उजव्या पुढच्या पायाचा नाल थोडा सैल आहे. घाटाच्या उतारावर तिला पळवू नका."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या आयुष्याची राख झाली होती आणि हा माणूस नालाचं सांगत होता! मी टाच मारली.

भर बाजारातून घोडी दौडवली. दुकानदार उठून मुजरे करत होते आणि मुजरा संपायच्या आत तोंडं वर करून बघत होते. वेशीबाहेर माळ लागला. तिथं कुणी नव्हतं. मी आबासाहेबांना मोठमोठ्यानं शिव्या दिल्या, पागेतल्या मोतद्दारांकडून शिकलेल्या सगळ्या. मासाहेबांना दिल्या. देवीलासुद्धा सोडलं नाही, जिचं नाव मला ठेवलं होतं. घसा बसला तरी ओरडत होते.

मधेच मागं वळून पाहिलं. कुणी नव्हतं. पुढं गेल्यावर पुन्हा पाहिलं. रस्ता रिकामा. बरं झालं, म्हटलं. शब्द तरी पाळला. आणखी थोडं गेल्यावर पुन्हा मान वळली, आणि रिकामा रस्ता बघून मी भडकले. येत का नाही हा माणूस? एवढी दीडदमडीची वाटले का मी याला? येऊ नका म्हटलं म्हणजे खरंच यायचं नाही?

माझी मावशी साताऱ्याला होती. नवरा वारलेली, एकटी, खमकी. तिनं मला ठेवून घेतलं असतं. घाट उतरला की सडक लागते, सडकेनं दुसऱ्या दिवशी साताऱ्याला पोचता आलं असतं. मी घाटाला लागले. डोकं तापलेलंच होतं. मनातल्या मनात मावशीला सगळं सांगत होते. तिला म्हणत होते, सगळ्यांनी मला वापरलं गं, आबासाहेबांना बैठक हवी होती, मासाहेबांना दत्तक हवा होता, आणि त्या तिसऱ्याला...

तिसऱ्याला काय हवं होतं, ते मला मावशीला सांगता येईना.

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी घोडीवर नाही. उतार लागताच मी खाली उतरले होते आणि लगाम धरून तिला हळूहळू चालवत होते. त्यांनी सांगितलं होतं म्हणून. एवढ्या संतापात दुसऱ्या कुणाचं मी ऐकलं नसतं. सांगितलं असतं तर तुम्ही गेला असता, हे वाक्य तिथं, घाटात, मला पहिल्यांदा कळलं. मी जाऊ नये असं ज्याला वाटत होतं, त्यानंच दार उघडून दिलं होतं.

मी वळणावर बराच वेळ उभी राहिले. तांबडीनं रस्त्याकडेचं गवत खाऊन संपवलं. मग तिचं तोंड फिरवलं.

माळगिरीला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. देवडीची दोन्ही दारं सताड उघडी होती. उदाजीराव मधल्या दगडी पायरीवर बसले होते. राजा पायरीवर बसलेला, मग पहारेकऱ्यांनी बसावं कसं आणि उभं राहावं कुठं? ते बिचारे भिंतीला चिकटून उभे होते. उदाजीरावांच्या डोक्यावरची टोपी गुडघ्यावर होती. आजारात भादरलेल्या डोक्यावर बोटभर केस आले होते, ते मी पहिल्यांदा पाहिले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"आलात," ते म्हणाले.

"आले. राग गेलेला नाही."

"बरं."

"मासाहेबांच्या पाया पडणार नाही."

"पडू नका."

"मला रोहिणी म्हणून हाक मारायची नाही. कुणीच."

"सांगतो सगळ्यांना."

"आणि आपण माझ्यापासून पुन्हा काही लपवलंत, तर..."

"तर?"

मला धमकी सुचेना. दिवसभर जीभ चालली होती, नेमकी तिथं अडकली. मी घोडीवरून उतरले. "उठा आता. दोन घास तरी खाल्लेत का दुपारपासून? इथं काय बसून राहिलात?"

"आत गेलो असतो तर फाटक कुणीतरी लावून घेतलं असतं."

"मग आता उठा ना!"

"उठवत नाही," ते खालच्या आवाजात म्हणाले, पहारेकऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "पायात जीव नाही राहिला. काठी आत आहे. तुम्ही पुढं व्हा, मी येतो."

मी लगाम पहारेकऱ्याकडं फेकला आणि भर देवडीत, सगळ्यांच्या देखत, त्यांच्यापुढं हात केला. त्यांनी आधी हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग धरला. मी अजून रागातच होते, त्यामुळं जरा जास्तच जोरानं ओढलं. ते कळवळले, उभे राहिले, आणि हसायला लागले.

"हळू!" ते म्हणाले. "माणूस आहे मी."

"दिसतंय," मी म्हटलं, आणि हात न सोडता त्यांना आत घेऊन गेले.